गाड्यांचीं इटालियन नांवें

इटालियन भाषेंत मोटारीच्या शरीरास, म्हणजे चाकें, सांगाडा व यंत्र वगळून जो बसण्याचा भाग उरतो त्यास, ‘कार्रोत्सेरिया’ असें म्हणतात. आणि हें शरीर जेथें घडविलें जातें त्या कारखान्यासहि तोच शब्द लावतात. वस्तु आणि ती घडविण्याची जागा ह्यांना एकच नांव असावें, ही गोष्ट लहान असली तरी अर्थशून्य नाहीं. ह्या शब्दाचें मूळ ‘कारोत्सा’, म्हणजे घोड्याची गाडी. तिचें मूळ ‘कार्रो’, आणि त्याचें मूळ लॅटिन ‘कार्रुस’. रोमन लोकांनींहि हा शब्द स्वतः घडविलेला नव्हता. गॉल देशांतील केल्ट लोकांपासून त्यांनीं तो उचलला. इंग्रजी ‘कार’ ह्याच कुळांतली. आणि आज मराठी घरांतून जी ‘कार’ सर्रास बोलली जाते तिचेंहि गोत्र अखेर हेंच.

मोटारींचे निरनिराळे घाट ओळखण्यासाठीं इटालियन लोक जीं नांवें वापरतात, त्यांच्या पोटांत अशा कितीतरी हकीकती दडलेल्या आहेत. कोणतें नांव शहराचें, कोणतें माशाचें, कोणतें माळिणीचें, तर कोणतें होडीचें. परंतु केवळ गंमत म्हणून हीं नांवें वाचकांपुढें मांडावीं असा आमचा हेतु नाहीं. एका थोर कारागिरीचा उदय, वैभव आणि अस्त ह्या नांवांत सांठविलेला आहे. आणि भाषा कोण घडवितें, ह्या आपणां सर्वांच्या जिव्हाळ्याच्या प्रश्नावरहि त्यांमुळें थोडा प्रकाश पडतो.

मोटारीच्या आरंभकाळीं गाडी विकत घेणें म्हणजे दुकानांत जाऊन तयार वस्तु उचलून आणणें नव्हतें. श्रीमंत गिऱ्हाईक कारखानदाराकडून सांगाडा, यंत्र व चाकें घेई, आणि तें उघडें धूड कार्रोत्सेरियाकडे पाठवी. तेथें त्याच्या ऐपतीप्रमाणें व हौसेप्रमाणें त्यावर अंग चढविलें जाई. हे अंग चढविणारे लोक नवे नव्हते. कालपरवांपर्यंत घोड्यांच्या गाड्या बांधणारे सुतार, लोहार, कातडी काम करणारे आणि रंगारी तेच होते. मिलान येथील कास्तान्या घराण्याचा धंदा १८४९ सालापासूनचा, म्हणजे मोटार जन्मण्याच्या पुष्कळ आधींचा. तुरिन येथें जोव्हान्नी बेर्तोने ह्यानें १९१२ सालीं आपला कारखाना काढला, तोहि प्रथम घोड्यांच्या गाड्यांसाठींच. माणसें तींच, हत्यारें तींच, लांकूड व कातडें तेंच. मग शब्दहि तेच राहिले ह्यांत नवल काय? गाडीपुढचा घोडा निघाला, पण नांवें जागच्या जागीं राहिलीं. घोडागाडीचें दुमडतें छप्पर लोहाराच्या भात्याप्रमाणें मिटे व उघडे, म्हणून त्यास ‘मान्तिचे’ म्हणजे भाता म्हणत. मोटारीच्या छपरासहि तोच शब्द लागला.

ह्या नांवांत सर्वांत प्रतिष्ठित ‘बेर्लिना’. चारपांच जणांनीं बसावें अशी, पक्क्या छपराची बंद गाडी ती बेर्लिना. इंग्रज जिला सलून म्हणतात आणि अमेरिकन सेडान म्हणतात तीच ही. नांव उघडच बर्लिन शहरावरून आलेलें आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर फ्रीड्रिख विल्हेल्म ह्याच्या पदरीं फिलिप्पो दि कियेझे नांवाचा मूळ पिएमोन्त प्रांतांतला एक स्थापत्यकार होता. ही गाडी त्याच्या कल्पनेंतून निघाली असें मानतात. तोंवरच्या गाड्यांना खालून एकच जाड दांडा असे. हिला दोन समांतर दांडे दिले आणि बसण्याची पेटी चामड्याच्या पट्ट्यांवर झुलती ठेविली. त्यामुळें गाडी हलकी झाली व उलटण्याचें भय कमी झालें. हा घाट पुढें साऱ्या युरोपांत पसरला. १७९१ च्या जून महिन्यांत फ्रान्सचा राजा सोळावा लुई बायकामुलांसह पॅरिसहून पळाला तो अशाच एका मोठ्या बेर्लिनांत बसून. आणि व्हारेन गांवीं तो पकडला गेला. योगायोग असा कीं इटालियन भाषेंत ‘बेर्लिना’ असा दुसराहि एक शब्द आहे, आणि त्याचा अर्थ गुन्हेगारास चव्हाट्यावर उभें करून त्याची विटंबना करण्याचें खोडें. दोहोंचीं मुळें निराळीं, उच्चार मात्र एक. त्या अभागी राजाच्या वांट्यास हे दोन्ही अर्थ आले असें म्हणावयास हरकत नाहीं.

मूळ शब्दास प्रत्यय लावून त्यास लहान, मोठा, लाडका किंवा अवजड करावयाचें, ही इटालियन भाषेची मोठी खुबी. आपण ‘गाडा’ ह्याचें ‘गाडी’ करतों, ‘हंडा’ ह्याची ‘हंडी’ करतों, तशांतलाच हा प्रकार. पण त्यांच्याजवळ ह्यासाठीं प्रत्ययांचें भांडार आहे. बेर्लिनेस ‘एत्ता’ लाविला कीं ‘बेर्लिनेत्ता’ होते: छप्पर पक्कें, पण जागा बहुधा दोघांचीच, बांधा आंखूड व ठेंगणा, आणि चाल वेगवान. फेरारीच्या कारखान्यानें १९५९ सालीं पुढें आणलेली आंखूड सांगाड्याची बेर्लिनेत्ता ही ह्या घाटाचा उत्तम नमुना समजली जाते. तीस फ्रेंच लोक ‘कूपे’ म्हणतील. कूपे म्हणजे कापलेली. चारजणी बेर्लिनेचा पुढचा भाग कापून टाकून जी दोनजणी घोडागाडी केली, तिचें हें नांव. फ्रेंच माणसास त्या गाडींत कापून टाकलेला भाग दिसला, आणि इटालियन माणसास लहान झालेलें रूप दिसलें. एकाच वस्तूकडे दोन भाषा कशा पाहतात ह्याचें हें लहानसें उदाहरण आमच्या मतें मनन करण्याजोगें आहे.

शब्दांचा व्यापार नेहमीं एकाच दिशेनें चालतो असेंहि नाहीं. ‘काब्रिओले’ ह्या उघड्या गाडीचें नांव इटालियन लोकांनीं फ्रेंचांकडून घेतलें. पण फ्रेंचांचा तो शब्द उड्या मारणें ह्या अर्थाच्या क्रियापदावरून झालेला. आणि तें क्रियापद इटालियन ‘काप्रिओला’ म्हणजे कोलांटउडी ह्यावरून निघालेलें. त्याच्याहि मुळाशीं लॅटिन भाषेंतली बकरी आहे. दोन चाकांची हलकी घोडागाडी खडबडीत रस्त्यावरून उड्या मारीत जाई, म्हणून हें नांव. माहेरची मुलगी सासरीं जाऊन नवें नांव व नवी चाल घेऊन परत यावी, तसा हा शब्द परत आला. आणि घरच्यांनीं त्यास परका म्हणून वागविलें.

‘तोर्पेदो’ ह्या नांवाची कथा ह्याहून विचित्र. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, यंत्रावरच्या झांकणापासून पाठीपर्यंत बाजूची रेघ सलग व गुळगुळीत असलेल्या उघड्या गाडीस हें नांव पडलें. पाण्याखालून जाणाऱ्या स्फोटक अस्त्रावरून तें आलें, आणि अस्त्रास तें मिळालें एका माशावरून. हा मासा अंगांतील विजेच्या धक्क्यानें मनुष्यास बधिर करतो. ‘तोर्पेरे’ म्हणजे लॅटिन भाषेंत बधिर होणें. त्याच अस्त्रास इटालियन भाषेंत दुसरें नांव आहे ‘सिलूरो’, आणि तेंहि एका माशाचेंच! काउंट मार्को रिकोत्ती ह्या मिलानच्या धनिकानें १९१४ सालीं कास्तान्याकडून आल्फा कंपनीच्या सांगाड्यावर एक अद्भुत गाडी बांधवून घेतली. तिचें अंग पाण्याच्या थेंबाच्या आकाराचें, खिडक्या जहाजाच्या खिडक्यांसारख्या वाटोळ्या, आणि वेग ताशीं १३९ किलोमीटर. लोकांनीं तिला ‘रिकोत्तीचा सिलूरो’ म्हटलें. तोर्पेदोस मोठेपणाचा प्रत्यय लावून ‘तोर्पेदोने’ हा शब्द झाला, आणि तो प्रवाशांनीं भरलेल्या मोठ्या सहलीच्या बसगाडीस लागला. माशापासून निघालेला शब्द अस्त्रावरून व हौशी गाडीवरून उतरत उतरत यात्रेकरूंच्या गाडीपर्यंत आला. शब्दांचे पुनर्जन्म असे असतात.

‘स्पायडर’ हा तर निखळ इंग्रजी शब्द. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मोठ्या पण बारीक आऱ्यांच्या चाकांची एक हलकी घोडागाडी निघाली. ती कोळ्यासारखी दिसे, म्हणून तिला स्पायडर म्हणूं लागले. इटालियन भाषेंत कोळ्यास ‘रान्यो’ हा सुरेख शब्द आहे, पण गाडीस कोणी रान्यो म्हटलें नाहीं. इंग्रज मात्र तो आपला शब्द विसरले, आणि दोनजणी उघड्या गाडीस इतर नांवें देऊं लागले. इटलीनें तो इतका आपला केला कीं आज जगांत तो इटालियन म्हणूनच ओळखला जातो. स्पायडरच्या कडक व्याख्येंत छप्पर हें केवळ पावसापुरतें, आणि कांचा वर-खालीं करण्याची सोय नाहीं. लान्चाच्या ‘आउरेलिया’ गाडीची १९५४-५५ सालची स्पायडर अशीच होती. पुढच्याच वर्षीं तिला खालींवर होणाऱ्या कांचा दिल्या, तेव्हां कारखान्यानें तिचें स्पायडर हें नांव काढून घेतलें. दीनो रीझी ह्याच्या १९६२ सालच्या ‘इल सोर्पास्सो’ ह्या प्रसिद्ध चित्रपटांत जी गाडी धांवते, ती ही दुसरी. नांवाविषयींचा हा काटेकोरपणा जाहिरातीच्या युगांत पुढें टिकला नाहीं. पण कोणे एके काळीं तो होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां ‘बार्केत्ता’. बार्का म्हणजे नाव, बार्केत्ता म्हणजे होडी. १९४८ सालीं तुरिनच्या प्रदर्शनांत फेरारीची एक शर्यतीची गाडी मांडली होती. तिचें अंग मिलानच्या ‘टूरिंग’ ह्या कार्रोत्सेरियानें घडविलें होतें. छप्पर नाहीं, बाजूच्या कांचा नाहींत, आणि कडा होडीच्या कांठासारखी गोल वळलेली. ती पाहून जोव्हान्नी कानेस्त्रीनी ह्या वृत्तपत्रकारानें तिला बार्केत्ता म्हटलें, असें सांगतात. आणि तेंच नांव कायम झालें. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९४९ सालीं, ह्या जातीच्या गाडीनें बियोन्देत्तीच्या हातीं ‘मिल्ले मील्या’ ही हजार मैलांची शर्यत जिंकली, आणि किनेत्ती व लॉर्ड सेल्सडन ह्यांच्या हातीं फ्रान्सांतील ल मां येथील चोवीस तासांचीहि जिंकली. टूरिंगच्या ह्या कामास ‘सुपेर्लेज्जेरा’, म्हणजे अतिशय हलकें, असें नांव होतें: पोलादाच्या बारीक नळ्यांचा पिंजरा करावयाचा आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा मढवावयाचा. हा पत्रा ठोकून ठोकून त्यास वळण देणारा कारागीर तो ‘बात्तिलास्त्रा’. पुण्याच्या तांबट आळींत मठारकामाचा ठेका ज्यांनीं ऐकला आहे, त्यांना ह्या कामाचें स्वरूप निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. हातांतल्या हातोडीस पत्र्याचा ताण कळावा लागतो. तो कागदावरून शिकतां येत नाहीं.

श्रीमंतांच्या गाड्यांच्या जोडीनें संसारी माणसांच्या गाड्यांनाहि नांवें मिळालीं, आणि आम्हांस तींच अधिक गोड वाटतात. ‘जार्दिनिएरा’ म्हणजे माळीण. भाजीपाला व माणसें एकदम वाहून नेणाऱ्या साध्या गाडीस हें नांव पडलें. त्याच नांवाचें मिश्र भाज्यांचें लोणचेंहि इटालियन घराघरांत असतें. फियाटच्या १९३६ सालच्या चिमुकल्या गाडीस लोक ‘तोपोलीनो’ म्हणजे छोटा उंदीर म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ सालीं, तिची मागून लांब केलेली, लांकडी चौकटीची जार्दिनिएरा निघाली. देश युद्धानें मोडला होता, पत्र्याची चणचण होती. अशा वेळीं दुकानदारानें सहा दिवस माल वाहावा आणि रविवारीं त्याच गाडींतून बायकामुलांस घेऊन बाहेर पडावें, ही त्या माळिणीची नोकरी. पुढें १९६० सालीं नव्या ५०० गाडीची जार्दिनिएरा काढली, तेव्हां मागें सामानास जागा व्हावी म्हणून यंत्र चक्क आडवें निजवून फळीखालीं घातलें. ही गाडी १९७७ सालापर्यंत निघत होती. ‘त्रास्फोर्माबिले’ म्हणजे रूप पालटणारी. मेणकापडी छप्पर गुंडाळून ठेवलें कीं बंद गाडीची उघडी होई. खरी उघडी गाडी ज्यांना परवडत नसे, त्यांना थोडें आकाश स्वस्तांत मिळे. १९५७ सालची ‘बियान्कीना’ प्रथम ह्याच रूपानें आली; आणि पुढें १९७५ सालापासून निघालेल्या ‘फान्तोत्सी’ चित्रपटांतल्या दुर्दैवी कारकुनाची गाडी म्हणून बियान्कीना सर्वांच्या हंसण्याचा व कणवेचा विषय झाली.

आतां भाषेच्या प्रश्नाकडे वळूं. मोटारीविषयीं इटालियन लेखकांची आसक्ति जुनी आहे. १९०९ सालीं मारिनेत्ती ह्यानें आपल्या जाहीरनाम्यांत धांवत्या मोटारीचें सौंदर्य ग्रीक शिल्पाहून वरचें ठरविलें. मोटार हा शब्द पुल्लिंगी कीं स्त्रीलिंगी, असा वाद बराच काळ चालला होता. १९२० सालीं कवि दानुन्त्स्यो ह्यानें फियाटच्या आन्येल्लीस पत्र लिहून ती स्त्रीलिंगीच, असा कौल दिला, आणि तो मान्य झाला. पुढें फासिस्ट राजवटींत परकी शब्दांवर बहिष्कार पडला. १९४० सालच्या डिसेंबरांत दुकानांच्या पाट्यांवर व जाहिरातींत परकी शब्द वापरण्यास कायद्यानें बंदी झाली, आणि पर्यायी शब्दांच्या याद्या करण्याचें काम इटलीच्या अकादमीकडे आलें. ह्या सर्व खटाटोपांतून कांहीं चांगलें निघालेंच नाहीं असें नव्हे. भाषापंडित मिल्योरीनी ह्यानें १९३२ च्या सुमारास ‘शोफर’ ह्या फ्रेंच शब्दाच्या जागीं ‘आउतिस्ता’ हा शब्द सुचविला, आणि तो आजतागायत चालतो. पण गाड्यांच्या घाटांपुढें हुकुमाचें फारसें चाललें नाहीं. १९३२ सालीं निघालेल्या फियाटच्या गाडीस नांव दिलें ‘बालिल्ला’, राजवटीच्या बालसंघटनेचें. आणि त्याच बालिल्लेचे प्रकार मात्र तोर्पेदो, स्पायडर असेच विकले गेले!

आपल्याकडेहि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत भाषाशुद्धीचा वाद जोरांत होता, आणि त्या चळवळीनें ‘महापौर’, ‘चित्रपट’ असे शब्द मराठींत रुजविले, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. परंतु एक भेद ध्यानांत घ्यावा. पदवीस किंवा संस्थेस नांव देणें हें विद्वानास साधतें. हातानें घडविलेल्या वस्तूचें नांव बहुधा घडविणाऱ्याच्या, नाहीं तर वापरणाऱ्याच्या, तोंडींच तयार होतें. इटलींत गाडी बांधणाऱ्याचे हात घोडागाडीवरून मोटारीवर गेले, म्हणून शब्दहि हातांबरोबर गेले. आपल्याकडे छकडा, दमणी, रेंगी, शिगराम, खटारा अशीं वाहनांचीं किती नांवें होतीं! पण मोटार आली ती तयार होऊन, बोटींत बसून. छकडा बांधणाऱ्या सुताराच्या हाताखालून ती गेलीच नाहीं. म्हणून तीं नांवें मागें राहिलीं. एक ‘खटारा’ तेवढा मोटारीपर्यंत पोंचला, आणि तोहि मोडक्या गाडीची निंदा म्हणून. जेथें आपल्या लोकांस हात घालावयास मिळाला, तेथें भाषाहि लागलीच जागी झाली: मालमोटारीची ‘बॉडी बांधतात’. घर बांधावें तशी ती बांधतात. शब्द अर्धा परका, पण क्रिया पूर्ण आपली.

हें सर्व शब्दवैभव ज्या कारागिरीवर उभें होतें, ती मात्र पुढें खचली. तिचें बीज इटलींतच पेरलें गेलें होतें. १९२२ सालीं लान्चा कंपनीनें ‘लाम्ब्दा’ ही गाडी दाखविली. तींत निराळा सांगाडाच नव्हता, गाडीचें शरीरच आपला भार आपण पेलीत असे. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें हा मोठा विजय होता. पण निराळा सांगाडा नाहीं म्हणजे अंग चढविणाऱ्यास कामहि नाहीं. मोठ्या छापयंत्रांनीं पत्रे दाबून हजारों गाड्या काढण्याचे दिवस आले, तेव्हां ‘फुओरीसेरिए’, म्हणजे रांगेबाहेरची एकुलती एक गाडी, ही चैन संपत आली. कलेचा सर्वोच्च मानहि ह्याच संधिकाळांत मिळाला, हें दैवाचें कौतुक. पिनिन फारिनानें घडविलेली १९४७ सालची ‘चिसिताल्या’ न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें १९५१ सालीं आपल्या आठ गाड्यांच्या प्रदर्शनांत मूर्तीसारखी मांडली. कास्तान्याचा कारखाना १९५४ च्या सुमारास मिटला, टूरिंगचा साठनंतरच्या दशकांत. जाचिन्तो घिया ह्याचा तुरिनचा कारखाना १९४३ सालच्या बाँबवर्षावांत उद्ध्वस्त झाला, आणि १९४४ सालीं तो स्वतःहि वारला. कारखाना पुन्हां उभा राहिला, पण पुढें तो अमेरिकेच्या फोर्ड कंपनीकडे गेला. आणि ‘घिया’ हें नांव फोर्डच्या कारखान्यांतून निघालेल्या लाखों सामान्य गाड्यांच्या महागड्या नमुन्यांवर डकविलेली पट्टी होऊन बसलें.

ह्या इतिहासाचा एक धागा आपल्याहि दारापर्यंत आला आहे. फियाट कंपनीनें १९५३ सालीं जी ११०० बेर्लिना काढली, ती ह्या एकसंध शरीराचीच होती. तिच्याच वंशांतली गाडी वालचंद हिराचंद ह्यांनीं स्थापन केलेल्या प्रीमिअर कंपनीच्या मुंबईंतील कुर्ला येथील कारखान्यांत वर्षानुवर्षें निघाली, आणि पुढें ‘पद्मिनी’ ह्या नांवानें मुंबईची काळीपिवळी टॅक्सी झाली. २००१ च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत अशा शेवटच्या टॅक्सीची मुदत संपली. दोनतीन पिढ्यांचे मुंबईकर त्या गाडींतून प्रसूतिगृहांत गेले, लग्नास गेले आणि स्टेशनावर गेले. तिला बेर्लिना मात्र कोणीं म्हटलें नाहीं. ती ‘फियाट’ होती, आणि तेवढें पुरेसें होतें. उलट दिशेचाहि धागा आहे: १९३० सालीं स्थापिलेली पिनिन फारिनाची कंपनी महिंद्र उद्योगसमूहानें घेण्याचें २०१५ च्या डिसेंबरांत ठरलें. ज्या देशानें गाडी तयार घेतली, त्या देशाच्या हातीं आज ती घडविणाऱ्याचें घराणें आहे.

म्हणून अभिमान वाटावयाचा असेल तर तो थोडा सावधपणें वाटूं द्यावा असें आम्हांस वाटतें. नांव विकत घेतां येतें. घियाच्या नांवाचें काय झालें तें आपण पाहिलें. बार्केत्ता हा शब्द विकत घेतलेला नाहीं. कोणा अज्ञात बात्तिलास्त्रानें पत्र्याची कड होडीच्या कांठासारखी वळविली, आणि पाहणाऱ्याच्या तोंडून तो शब्द निघाला. त्या ठोकणाऱ्याचें नांव आपणांस ठाऊक नाहीं. त्याच्या हातोडीची खूण मात्र भाषेंत राहिली आहे, आणि जोंवर तो शब्द कोणी उच्चारील तोंवर ती राहील.